हौसेला मोल असतं

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक टेबल बनवलं आणि 7,500 रुपयांना विकलं. सागवानी, चार फूट बाय दोन फूट, एकही खिळा न मारता, कुसू काढून भोकात ठोकून बसवलेल्या सांध्यांचं. घेणारी माझ्याच शाळेतली सहकारी. तिने वरच्या फळीवरून दोनदा हात फिरवला आणि विचारलं, "किती देऊ?" मी म्हटलं, "अगं, लाकडाचे तेवढे दे. बाकी माझी हौस आहे."

हा लेख माझ्या त्या वाक्याच्या विरोधात आहे. तुमच्यापैकी जे कोणी सुट्टीच्या दिवशी गच्चीवर, पार्किंगमध्ये किंवा गॅलरीत करवत चालवतात, स्टूल, शेल्फ, रेहाल बनवून फोटो टाकतात आणि खाली "फक्त मटेरियल कॉस्टमध्ये" असं लिहितात, त्यांच्याशी मला भांडायचं आहे. स्वतःशी भांडून झालं आहे.

मी मिरजेत राहते. शाळेत गणित शिकवते. लाकूडकाम मामूंच्या दुकानात शिकले. मामू चाळीस वर्षं सुतारकाम करतात. लहानपणी शाळा सुटली की मी तिथे भुशात बसायचे. गुण्या कसा धरायचा, रंधा रेषांच्या उलट मारला तर फळी कशी उपटते, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सगळं मला पुस्तकाआधी मामूंकडून कळलं. नोकरी लागल्यावर पहिल्या दोन वर्षांच्या बचतीतून सर्क्युलर सॉ, ट्रिमर आणि क्लॅम्प घेतले. 28,000 रुपये गेले. घरात सगळे हसले, पण कोणी अडवलं नाही.

आता टेबलाचं पुढे काय झालं ते सांगते. सहकारी मैत्रिणीने फोटो काढून तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, किंमतीसकट. त्या सोसायटीतला एक जण फोन घेऊन बाजारात फिरला आणि फिरत फिरत मामूंच्या दुकानात पोचला. असंच टेबल हवं म्हणाला. मामूंनी मापं विचारली, हिशोब केला, 12,500 सांगितले. त्याने फोन पुढे केला. "हेच टेबल 7,500 ला मिळतंय. तुम्ही लुटताय का?"

मामूंनी फोटोतलं टेबल ओळखलं. पाय खाली निमुळते करताना आतल्या दोनच बाजू तासायच्या, ही त्यांची पद्धत. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, काही बोललेही नाहीत. त्या आठवड्यात दुकानात दुसरं काम नव्हतं. 9,500 ला सौदा झाला. हे मला मामूंनी सांगितलंच नाही, दोन महिन्यांनी मामेभावाने सांगितलं, तेही रागात. "आपा, तुमची हौस होते, आमचं दुकान चालायला पाहिजे." तो आता एका मॉड्युलर किचनच्या फॅक्टरीत कटिंग मशीनवर कामाला जातो.

मी गणिताची शिक्षिका. त्या रात्री वही घेऊन बसले आणि जो हिशोब टेबल विकण्याआधी करायला हवा होता तो विकून झाल्यावर केला. तोच इथे देते, कारण या विषयावर गोडगोड बोलणारे पुष्कळ आहेत, आकडे मांडणारे कमी.

टेबलात प्रत्यक्ष लागलेलं लाकूड 1.4 घनफूट. पण लाकूड तसं मोजून मिळत नाही. गाठी निघतात, टोकाला चीर असते, रंधा मारून फळी सपाट करताना जाडी जाते. म्हणून वखारीतून 1.9 घनफूट आणलं होतं. मला पडलेला भाव घनफुटाला 3,000, म्हणजे 5,700 रुपये. सॉ मिलमध्ये चिरायचे 400. टेम्पो 350. फेविकॉल, पॉलिश पेपर, चपडा, स्पिरिट मिळून 650. बेरीज 7,100. मी घेतले 7,500. उरले 400. काम किती तास केलं तेही वहीत होतं, कारण ती माझी सवय आहे. 31 तास. 400 ला 31 ने भागा. तासाला 13 रुपयेसुद्धा येत नाहीत. यात 28,000 च्या हत्यारांची झीज नाही, वीज नाही, मोडलेली दोन पाती नाहीत.

आता मामूंचा हिशोब. लाकूड आणि सामान तेवढंच, 7,100. मी त्यांच्याच नावावर वखारीतून माल उचलते, त्यामुळे भावात फरक नाही. मला 31 तास लागलेलं काम ते तीन दिवसांत करतात. दिवसाची मजुरी 1,200, म्हणजे 3,600. दुकानभाडं, वीज, पात्यांना धार यांचे या कामावर 1,000. वर नफा 800. बरोबर 12,500. यात लूट कुठे आहे, मला दाखवा. आणि 9,500 ला सौदा झाला तेव्हा काय झालं? 7,100 सामानाचे गेले, 1,000 दुकानाचे गेले, राहिले 1,400. तीन दिवसांचे. चाळीस वर्षांचा हात असलेल्या माणसाला दिवसाला 467 रुपये.

केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. अठरा हस्तव्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात प्रशिक्षणाला बसणाऱ्या कारागिराला दिवसाला 500 रुपये भत्ता मिळतो आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर. योजनेबद्दल तुमचं मत काहीही असो. पण नुसतं शिकायला बसलेल्या सुताराच्या दिवसाला सरकार 500 देतं, आणि माझ्यामुळे मामूंना काम करून त्यापेक्षा कमी मिळाले. मी तर माझ्या दिवसाची किंमत शंभराच्या आसपास लावली होती.

"हौसेला मोल नाही" असं आपण म्हणतो. मूळ अर्थ असा की हौस असेल तर माणूस खर्चाकडे बघत नाही. तो अर्थ घेणाऱ्याच्या बाजूचा होता. हळूहळू आपण त्याला बनवणाऱ्याच्या गळ्यात बांधलं. तू हौसेने करतेस ना, मग पैसे कसले? हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल! त्याच लोकांनी डॉक्टरला कधी विचारलं नाही की तुम्हाला डॉक्टरी आवडते ना, मग फी कसली? म्हणजे आवडीचं काम हा मुद्दाच नाही. हाताचं काम हा मुद्दा आहे. हाताच्या कामाची किंमत द्यायची आपली मुळातच तयारी नसते. मिस्त्रीकडून ती नाइलाजाने दिली जाते. कोणी हौशी भेटला की तो नाइलाजही संपतो.

माझ्या गावात सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. आता त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. ही वाद्यं बनवणारी बरीचशी घरं आपलीच, शिकलगारांची, ज्यांचे पूर्वज हत्यारं बनवायचे. तंबोरा घ्यायला आलेला गवई कधी म्हणतो का, की भोपळा एवढ्याचा, लाकूड एवढ्याचं, मग तुमची किंमत एवढी कशी? तो तार छेडून बघतो आणि जवारीचं काम कोणाच्या हातचं आहे ते विचारतो. (तिथल्या कारागिरांचं सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही. त्यांच्याही तक्रारी मी ऐकून आहे.) पण निदान तिथे लाकडाच्या भावात वाद्य मागायची कोणाची हिंमत होत नाही. त्याच गल्लीच्या बाहेर, त्याच गावात, टेबलाला मात्र लाकडाचा भाव.

यावर मला मिळालेली उत्तरं मी ऐकली आहेत. एकेकाचा समाचार घेते.

पहिलं उत्तर माझ्यासारख्या हौशी लोकांचंच असतं. "मी अजून शिकतोय, माझा सांधा मिस्त्रीएवढा पक्का नाही, मी त्याच्याएवढे पैसे कसे मागू?" हे उत्तर प्रामाणिक आहे म्हणून आधी घेतलं. तुमचा सांधा पक्का नसेल तर ती वस्तू विकू नका. घरात वापरा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. सागाचं हे कमी होतं, पण होतं. वरची फळी खालच्या पट्ट्यांना घट्ट स्क्रूने आवळून टाकली असेल तर मे महिन्यात ती चिरते. माझं पहिलं टेबल असंच चिरलं, तेव्हा मामूंनी लांबट भोक पाडून स्क्रूला सरकायला जागा ठेवायला शिकवलं. तुमची वस्तू वर्षभर टिकली की मग विका, आणि पूर्ण किंमतीला विका. कच्चा माल स्वस्तात गिऱ्हाइकाच्या माथी मारणं ही नम्रता कशी काय?

मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. मला 31 तास लागले म्हणून गिऱ्हाइकाने 31 तासांचे पैसे द्यावेत, असं मी म्हणणार नाही. माझा संथपणा हा माझा शिकण्याचा खर्च. पण सराईत मिस्त्रीला त्या कामाला जेवढे दिवस लागतील तेवढ्या दिवसांची, त्याच्या दराने, मजुरी मी लावलीच पाहिजे. याच्या खाली गेलं की मी माझं नुकसान करत नाही, मला पगार आहे. मी त्याचं करते.

दुसरं उत्तर, "ऑनलाइन चार हजारात टेबल मिळतं, तुमचं 12,500 ला कोण घेणार?" ते चार हजारांचं टेबल भुसा आणि लाकडाचे तुकडे डिंकात दाबून केलेल्या बोर्डचं असतं. त्याच्या कडेला एकदा पाणी लागलं की ती फुगते आणि परत बसत नाही. ज्याला ते परवडतं त्याने ते जरूर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला तेच सोयीचं. पण सागाच्या टेबलाची तुलना त्याच्याशी करून मजुरी कापायला सांगणं म्हणजे पॅकेटमधल्या बिर्याणीचा भाव सांगून दावतीच्या भटाऱ्याशी घासाघीस करणं.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते आपुलकीच्या आवाजात येतं. "आपल्याच लोकांना देतेस ना? आपली माणसं गरीब आहेत, थोडं समजून घ्यावं." समजून घेऊ ना. पण मग वस्तू बदलू. सागाऐवजी आंबा किंवा कडुनिंब घेऊ. आंब्याला भुंगा लागतो, त्याला आधी औषध मारू. पाडलेल्या जुन्या वाड्याचे सागवानी वासे मिळतात का बघू, त्यातले खिळे उपसायला अर्धा दिवस जातो पण लाकूड असं वाळलेलं असतं की परत फारसं हलत नाही. चारऐवजी तीन फुटांचं करू. खण काढून टाकू. चपड्याऐवजी नुसतं तेल लावू. टेबल स्वस्त करायच्या दहा वाटा आहेत. आपल्याला सुचते ती नेहमी अकरावी, करणाऱ्याचा दिवस स्वस्त करायची. आणि "आपली माणसं" या हिशोबात मामू येत नाहीत का?

मजुराची मजुरी वेळेत द्यावी, हे आपण जुम्म्याच्या बयानात लहानपणापासून ऐकतो. ऐकून बाहेर येतो आणि मशिदीच्या दारात चपला घालता घालता मिस्त्रीशी घासाघीस करतो. वेळेत दिली, पण केवढी दिली, हा प्रश्न कोणी स्वतःला विचारत नाही.

सच्चर समितीचा अहवाल 2006 साली संसदेत मांडला गेला. त्यात दाखवलं होतं की मुस्लिमांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या हातावर, छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. तो अहवाल आपण नोकऱ्यांच्या वाट्याबद्दल बोलताना काढतो, आणि ते बरोबरच आहे. पण ज्यांचं पोट हातावर आहे त्यांच्या हाताचा दर कोण पाडतं, याची चर्चा आपल्या बैठकांत मी ऐकली नाही. उलट "आपली कौम हुनरमंद आहे" असं भाषण झालं की टाळ्या पडतात. 2016 पासून हुनर हाट भरले. हुनर या शब्दावर आपला जीव आहे. पावतीवर मात्र तो शब्द कुठल्या ओळीत लिहायचा, हे ठरत नाही.

इथे मला अम्मीबद्दल सांगायचं आहे, आणि ते विषयाबाहेरचं नाही. अम्मी पंचवीस वर्षं घरी साड्यांना पिको-फॉल करते. गल्लीत सगळे म्हणतात, "घरबसल्या काहीतरी करते, टाइमपास होतो." त्या टाइमपासवर माझी डी.एड.ची फी भरली गेली. सोलापूरकडे, सिन्नर-संगमनेरकडे घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. त्यांच्याही कामाला "घरबसल्या" म्हणतात. हौस, टाइमपास, घरबसल्या, हातखर्च. हे सगळे शब्द मजुरीचा आकडा खोडायचे रबर आहेत. आणि मी, जिने अम्मीसाठी शेजारणींशी भांडणं केली, तिने स्वतःच्या टेबलावर तोच रबर स्वतःच्या हाताने फिरवला. मुलगी आणि सुतारकाम म्हणून लोकांना कौतुक वाटत होतं. ते कौतुक मला एवढं गोड लागलं की पैसे मागितले तर ते संपेल अशी भीती वाटली. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं खरं आहे. आपण स्वस्त विकतो ते दुसऱ्यावर दया येते म्हणून नव्हे. वाहवा हवी असते, आणि मिस्त्रीच्या खिशातून आपण ती विकत घेतो.

मग करायचं काय? मी जे ठरवलं ते सांगते. कोणाला पटेल, कोणाला नाही.

द्यायचं असेल तर भेट द्यायची. चुलतबहिणीच्या निकाहात मी एक छोटी पेटी दिली, एक रुपया घेतला नाही. भेटीमुळे बाजारभाव पडत नाही, कारण तिला भावच नसतो. विकायचं असेल तर पूर्ण दामाने विकायचं. या दोन्हींच्या मधलं काही करायचं नाही. नातेवाईक असला तरी, मुख्याध्यापक असले तरी. अर्ध्या दामाचा फोटोच ग्रुपवर फिरतो.

दुसरं, कागदावर बिल द्यायचं आणि त्यात मजुरीची ओळ वेगळी लिहायची. लाकूड एवढं, सामान एवढं, मजुरी तीन दिवस एवढी. पुष्कळ जण बिल म्हटलं की जीएसटीला घाबरतात. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेल्याशिवाय नोंदणी लागत नाही. आपण हौशी लोक चाळीस हजारांवर गेलो तरी अल्हम्दुलिल्लाह म्हणू. बिलावर मजुरी लिहिलेली असली की गिऱ्हाईक नेमकं कशावर घासाघीस करतंय ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. काही जण गप्प होतात. काही होत नाहीत.

तिसरं, लाकूड आणायच्या आधी निम्मे पैसे घ्यायचे. हे मी मामूंकडून शिकले नाही. मामू घेत नाहीत, त्यांना लाज वाटते. त्यांच्या वहीत उधारीची पानं मी बघितली आहेत.

आणि एक, जे मला सगळ्यात आधी करायला हवं होतं. वस्तूचा भाव सांगण्याआधी मी आता मामूंना विचारते, तुम्ही याचे किती घ्याल? जेवढे ते म्हणतील त्याच्या खाली जायचं नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं की मला कळलंय. म्हणाले, "हात अच्छा है तेरा, बेटा. हिसाब कच्चा था." गणिताच्या शिक्षिकेला.

गेल्या महिन्यात त्या सहकारी मैत्रिणीच्या नणंदेचा फोन आला. तिला अगदी तसंच टेबल हवंय, "त्याच रेटमध्ये". मी तिला बिलाचा कागद पाठवला, मजुरीच्या ओळीसकट, 12,500 चा. खाली लिहिलं की हे फार वाटत असेल तर हेच टेबल याच भावात माझे मामू माझ्यापेक्षा चांगलं करून देतील, आणि दुकानाचा पत्ता दिला. दोन निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर आलेलं नाही. मीही अजून वखारीत गेलेली नाही.